परतीचा बाण: दारू, वस्ती आणि फळ्यावरचे तीन कप्पे

ठाणे पूर्वेला, कोपरीतल्या एका शाळेच्या वर्गात रविवारी सकाळी दारू सोडलेल्यांचा गट जमतो. बाकं चौथीच्या मुलांच्या मापाची, त्यामुळे पन्नाशीतले बाप्ये गुडघे छातीशी घेऊन बसलेले असतात. माझी एक मैत्रीण त्या गटाचं काम बघते. एकदा तिने मला बोलावलं. म्हणाली, "तू कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवतेस ना? मग ते पेपरात येतं ते गणिती मॉडेल म्हणजे काय, ते आमच्या लोकांना सांग. आपल्यावर कोणीतरी गणितं करतंय एवढंच त्यांना कळलंय आणि त्याचा त्यांना राग आलाय."

मी कळव्याहून गेले. फळ्यावर तीन चौकोन काढले. पहिल्यात लिहिलं 'मोकळे', दुसऱ्यात 'अडकलेले', तिसऱ्यात 'सुटलेले'. मोकळे म्हणजे मुळीच न पिणारे, किंवा पिऊनही ज्यांचं काही अडत नाही असे. अडकलेले म्हणजे ज्यांचं शरीर, पगार, घर यांपैकी काहीतरी दारूने धरलंय. सुटलेले समोर बसलेच होते.

मग बाण काढले. मोकळ्यांकडून अडकलेल्यांकडे एक, तो भरतीचा. अडकलेल्यांकडून सुटलेल्यांकडे दुसरा, सुटकेचा. आणि सुटलेल्यांकडून मागे अडकलेल्यांकडे वळणारा तिसरा. तो काढताना वर्ग जरा शांत झाला.

मॉडेल एवढंच असतं. कप्पे आणि बाण. कप्प्यात आज किती माणसं आहेत आणि दर वर्षी कुठल्या बाणावरून किती सरकतात, हे लिहून ठेवायचं. उरलेलं बेरीज-वजाबाकीचं काम, ते कॉम्प्युटर करतो.

लोकांची नजर कप्प्यांवर असते. "वस्तीत बेवडे किती?" हाच प्रश्न. पण घोडबंदर रोडला राहणाऱ्या कुणालाही विचारा, सोसायटीच्या टाकीची नुसती पातळी बघून काही कळत नाही. टाकी अर्धी आहे, म्हणजे पाणी येतंय कमी, की वापर जास्त, की गच्चीवरचा कॉक गळतोय? तिन्हींचे उपाय वेगळे. पातळी एकच. पातळी बघून टँकर मागवणारा सेक्रेटरी आणि दारूड्यांची संख्या बघून भाषण ठोकणारा पुढारी यांची चूक एकाच जातीची आहे.

हे गणित आलं कुठून

हा कप्प्यांचा हिशेब मुळात साथीच्या रोगांचा. १८९७ मध्ये सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू शोधणारे रोनाल्ड रॉस नंतर गणिताकडे वळले. किती डास मारले म्हणजे हिवताप आपोआप ओसरेल, हे त्यांना आकड्यांत मांडायचं होतं. सगळे डास मारावे लागत नाहीत, एका उंबरठ्याखाली आणले की पुरे, हे त्यांचं उत्तर. पुढे १९२७ मध्ये केरमॅक आणि मॅकेंड्रिक या दोघांनी कप्प्यांची समीकरणं मांडली. मॅकेंड्रिक हिंदुस्थानात लष्करी वैद्यकीय सेवेत होते, आणि केरमॅक प्रयोगशाळेतल्या अपघातात दृष्टी गमावलेले. त्यांनी आपला आलेख ताडून पाहिला तो १९०५-०६ च्या मुंबईतल्या प्लेगच्या मृत्यूंवर. म्हणजे जगभर शिकवलं जाणारं हे गणित पहिल्यांदा जुळलं ते खाडीपलीकडच्या मुंबईतल्या प्रेतांच्या मोजणीशी. मी हे वर्गात दर वर्षी सांगते. मुलं फारशी हलत नाहीत, मला मात्र दर वेळी काटा येतो.

आता दारू हा काही जंतू नव्हे. "म्हणजे आम्ही प्लेगचे उंदीर का?" असं त्या वर्गात एकाने विचारलंच. त्याचा राग रास्त होता. गणितात संसर्ग या शब्दाचा अर्थ कोरडा असतो: एका माणसाची अवस्था बदलण्याचा वेग त्याच्या भोवती कोण आहे यावर अवलंबून आहे, इतकाच. पहिला पेग एकट्याने, दुकानात जाऊन, कुणी न सांगता घेतलेली माणसं किती सापडतील? "बसायचं का?" हा प्रश्न दुसरं कोणीतरी विचारतं. शिफ्ट सुटताना, क्रिकेटची मॅच असताना, हळदीच्या रात्री. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावातल्या लोकांचा अभ्यास अनेक दशकं चालू आहे. त्यातल्या नात्यागोत्यांचं जाळं तपासून २०१० मध्ये निघालेला निष्कर्ष असा: ज्याच्याशी थेट संबंध आहे तो खूप पीत असेल, तर आपण खूप पिण्याची शक्यता निम्म्याने वाढलेली दिसते. मित्राच्या मित्राबाबतही ती वाढलेली दिसते, तिसऱ्या कडीपर्यंत पुसट होत जाते. न पिणाऱ्यांचंही तसंच. तेही घोळक्याने असतात.

फळ्यावरचा हजार पुरुषांचा हिशेब

खालचे आकडे माझ्या फळ्यावरचे आहेत, कुठल्या सर्वेक्षणातले नाहीत. बाण कसे वागतात ते दिसावं म्हणून घेतले.

समजा एका वस्तीत १,००० पुरुष. दर वर्षी शंभरातले ४ वस्ती सोडतात किंवा वारतात, तेवढेच नवे येतात, सगळे मोकळ्या कप्प्यात. अडकलेल्यांपैकी वर्षाला शंभरामागे ३६ सुटतात. म्हणजे ३६ आणि ४ मिळून ४० जण त्या कप्प्याबाहेर पडतात, आणि माणूस तिथे एका खेपेला सरासरी अडीच वर्षं काढतो. या अडीच वर्षांत, भोवती सगळे मोकळेच असतील तर, तो किती जणांना ओढेल? समजा १.२. कोविडमध्ये घरोघरी पोचलेला 'आर-नॉट' तो हाच. एकाच्या वर असेल तर पसरतं, खाली असेल तर विझतं.

परतीच्या बाणालाही एक ताकद द्यायची. मी पहिल्यांदा तोही माणसामाणसांतला धरला: सुटलेल्याला जुना साथीदार भेटतो, "एकाने काय होतंय" म्हणतो आणि माणूस परत जातो. ताकद ठेवली ०.७, म्हणजे भोवती सगळे सुटलेलेच असते तर एक अडकलेला वर्षाला ०.७ जणांना माघारी नेईल.

गणित चालवलं. बऱ्याच वर्षांनी वस्ती स्थिरावते तेव्हा हजारातले ३७० अडकलेले.

आता उपाय करू. शाळा-कॉलेजांत जागृती, दुकानांवर वयाची तपासणी, पोरांच्या हाती पहिली बाटली लागू नये म्हणून जे काही करतात ते सगळं. धरून चाला की भरतीचा बाण एक तृतीयांशाने बारीक झाला. आर-नॉट १.२ वरून ०.८ वर आला, एकाच्या खाली. पुस्तकाप्रमाणे साथ विझली पाहिजे.

विझत नाही. ३७० वरून २४५ वर येते आणि तिथेच ठाण मांडते.

कारण परतीचा बाण. सुटलेल्यांचा कप्पा तोवर भरलेला असतो, त्यात चारशेहून अधिक माणसं असतात, आणि नवी भरती आटली तरी जुनी माणसं फिरून फिरून अडकलेल्या कप्प्याला पाणी घालत राहतात. फाब्यो सांचेस, कार्लोस कास्तियो-चावेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दारूच्या मॉडेलबद्दल नेमकं हेच दाखवलं होतं: परतीचा बाण जोरकस असला की आर-नॉट एकाखाली आणूनही पुरत नाही. वस्ती आधीपासून किती बुडालेली आहे, यावर ती कुठे जाऊन थांबेल ते ठरतं. माझ्याच आकड्यांत, जिथे अडकलेले अगदी तुरळक आहेत अशी नवी वस्ती घेतली, तर तिथे ०.८ वर साथ रुजतच नाही. तेच नियम, तीच माणसं, निकाल दोन. सिडकोच्या नव्या नोडला आणि शेजारच्या जुन्या वस्तीला एकच योजना लावून एकाच फळाची वाट बघत बसण्यात काय घोळ आहे, तो इथे दिसतो.

आता उलट करून बघू. भरतीला हातच लावायचा नाही, आर-नॉट १.२ च राहू दे. परतीची ताकद तेवढी ०.७ वरून ०.५ वर आणायची. अडकलेले उरतात १९० च्या आसपास. म्हणजे एक तृतीयांशापेक्षा थोडी कमीच काटछाट, पण फायदा जास्त. आणि दोन्ही एकत्र केलं, भरती ०.८ आणि परत ०.५, तर कुठेही स्थिरावायला जागाच उरत नाही. संख्या शून्याकडे सरकते. सरकण्याचा वेग गोगलगायीचा, काही दशकं लागतात, म्हणजे कुठल्याही नगरसेवकाच्या मुदतीत न बसणारा. पण दिशा पक्की.

"मॅडम, हा बाण चुकला"

इथवर मी खुशीत होते. शेवटच्या बाकावरचे एक काका उठले. वागळे इस्टेटमध्ये लेथवर आयुष्य घालवलेले, हाताची दोन बोटं जराशी आखूड.

"मॅडम, हा बाण चुकला तुमचा."

"कसा?"

"मी तीन वेळा स्लिप झालो. एकदाच दोस्ताने ओढलं. बाकी दोन वेळा कोण नव्हतं बरोबर. एकदा बोनस झाला होता. आणि एकदा नुसता पाऊस होता."

वर्गात हसू उसळलं, पण सगळ्यांनी मानाही हलवल्या. गटात 'स्लिप' म्हणजे काय हे कुणाला समजवावं लागत नाही.

काकांचं म्हणणं गणिताच्या भाषेत फार मोठं आहे. परतीचा बाण दोन प्रकारचा असतो. एक लोकांमुळे, म्हणजे अडकलेले भोवती जितके जास्त तितका जाड. दुसरा आपोआपचा. भोवती कोणी असो नसो, दर वर्षी काहीजण परततातच. पगाराची तारीख, भांडण, झोप न लागणं, किंवा नुसता पाऊस. मी फक्त पहिला धरला होता.

तिथल्या तिथे तो पुसून त्याच्या जागी नुसता आपोआपचा बाण लावला. सुटलेल्या शंभरांमागे वर्षाला १० जण परततात असं धरलं, भरती ०.८ चीच ठेवली. आता हिशेब वेगळाच दिसतो. माणूस अडकलेल्या कप्प्यात एका खेपेला अडीच वर्षं काढतो हे खरं, पण तो सुटतो, परततो, पुन्हा सुटतो. वस्तीतल्या त्याच्या सगळ्या खेपा मिळवल्या तर तिथे तो सरासरी ७ वर्षं असतो. आणि अडीच वर्षांत ०.८ माणसं ओढणारा सात वर्षांत ओढतो २.२४. म्हणजे कागदावर एकाखाली असलेला आकडा मुळात दोनाच्या वर होता. वस्ती स्थिरावते १५५ वर, आणि इथे अडकलेले तुरळक असलेल्या नव्या वस्तीलाही सूट मिळत नाही.

कुठला बाण किती जाड, हे नुसत्या विचाराने ठरत नाही. त्यासाठी स्लिप झालेल्याला "कोण बरोबर होतं?" हे विचारावं लागतं, आणि ते न रागावता. उपायही वेगळे निघतात. लोकांमुळे होणाऱ्या परतीवर सोबत बदलणं चालतं, नवे मित्र, गट, रविवारची मिटिंग. आपोआपच्या परतीला औषध, झोपेचा इलाज, पगार बायकोच्या खात्यावर, आणि पावसाळ्यात संध्याकाळी कुणाचा तरी फोन.

अजून एक दुरुस्ती काकांच्या बोलण्यातूनच निघते. सुटलेले सगळे सारखे नसतात. १९७१ मध्ये काही संशोधकांनी दारू, हेरॉईन आणि तंबाखू सोडलेल्यांचे आलेख एकाखाली एक ठेवले, तर तिन्हींचा उतार जवळपास एकच निघाला: जे परततात त्यांतले बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. मग सुटलेल्यांचा चौकोन मधोमध कापावा लागतो, 'नवे सुटलेले' आणि 'जुने सुटलेले'. परतीचा जाड बाण पहिल्या तुकड्यातून निघतो, दुसऱ्यातून बारीकसा. व्यसनमुक्ती केंद्रातून सोडताना हातात डिस्चार्ज कार्ड देऊन "या आता" म्हणणं म्हणजे माणसाला नेमकं जाड बाणाच्या तोंडावर उभं करणं.

श्रावण, आणि मोजणाऱ्यांची पंचाईत

परदेशी मॉडेलांत एक गोष्ट नसते, ती आपल्याकडे घालावीच लागते. आषाढी अमावास्येला घरात दिवे पुजतात, आणि त्याच दिवशी गटारी. येऊरच्या पायथ्याशी नाकाबंदी, मटणाच्या दुकानापुढे रांग. दुसऱ्या दिवशी श्रावण, आणि पिणारे कितीतरी जण एकदम बंद. कोणी महिनाभर, कोणी थेट गणपती जाईपर्यंत. एवढी मोठी सामुदायिक सुटका कुठल्याही सरकारी योजनेला जमलेली नाही. आणि विसर्जनानंतर तेवढीच सामुदायिक परत.

म्हणजे बाणांची जाडी वर्षभर एकसारखी धरून चालत नाही, ती पंचांगाप्रमाणे हलते. गणितात हे अवघड नाही, बाणाच्या दराला तारीख जोडायची की झालं. खरी मौज पुढे आहे. जो निग्रहाने श्रावण पाळू शकतो तो अडकलेला नाही, असं त्याला वाटतं, घरच्यांना वाटतं. काही जणांबाबत ते खरंही असतं. पण अडकलेला माणूसही श्रावण काढतो, दात-ओठ खात, आणि अनंत चतुर्दशी मोजत. शिवाय रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात अशी बंद करणं धोक्याचं असतं. हातापायाला कंप, भास, फिट येऊ शकते, आणि क्वचित जीवही जातो. त्याने डॉक्टरला विचारून सोडावी.

आणि पाहणी करणारी ताई श्रावणात दारात आली, "गेल्या महिन्यात घेतली का?" म्हणाली, तर उत्तर काय मिळेल?

मोजणी अशी डळमळीत असते. एम्सच्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात देशातल्या १० ते ७५ वयाच्या पुरुषांपैकी २७.३ टक्के दारू घेणारे. लगोलग झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ वर्षांवरचे पुरुष १९ टक्क्यांच्या आसपास. दोन्ही सरकारी, दोन्ही मोठ्या. प्रश्न वेगळा विचारला, वेगळ्या माणसाने विचारला, शेजारी कोण बसलं होतं तेही वेगळं. कागदोपत्री तर महाराष्ट्रात १९४९च्या कायद्यानुसार प्यायला अजूनही परवाना लागतो. परवान्यांवरून मोजायला गेलं तर हे राज्य देवभोळं निघेल.

म्हणून बरं मॉडेल एक आकडा सांगत नाही, पट्टा सांगतं. १५५ म्हणणाऱ्यापेक्षा "११० ते २१० च्या मधे" म्हणणाऱ्यावर मी जास्त विश्वास ठेवते.

क्वार्टर आणि लिव्हर

कप्प्यात माणसं किती हे कळलं, पण त्यातून आजार किती? त्यासाठी कप्प्यांना आणखी एक वक्र जोडतात: रोज किती ग्रॅम, त्याला धोका किती.

ग्रॅम म्हणजे दारूचे नव्हेत, त्यातल्या शुद्ध अल्कोहोलचे. हा हिशेब घरी करता येतो. क्वार्टर १८० मिलिलिटरची. लेबलवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे ७७ मिलिलिटर अल्कोहोल. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं, एका मिलिलिटरचं वजन ०.७८९ ग्रॅम. गुणाकार केला की ६१ ग्रॅम. आणि जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीला ६० ग्रॅम किंवा जास्त झाले की त्याला 'एका वेळी भरपूर पिणं' म्हणते. गटात हे सांगितलं तेव्हा एकजण म्हणाला, "क्वार्टरला तर आम्ही सुरुवात म्हणायचो." ६५० मिलिलिटरची स्ट्राँग बिअर, ८ टक्क्यांची, ४१ ग्रॅम. "मी फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्याने दीड बाटलीत क्वार्टर गाठलेली असते.

वक्राचा आकार आजारागणिक बदलतो. काही कॅन्सरमध्ये तो पहिल्या घोटापासून सरळ चढतो. दारू कॅन्सरकारक आहे हे जागतिक कॅन्सर संशोधन संस्थेने १९८८ मध्येच जाहीर केलं. लिव्हर सिरोसिसमध्ये तो आधी सावकाश आणि मग एकदम कड्यासारखा. हृदयाच्या बाबतीत एकेकाळी वक्र आधी खाली झुकायचा, "थोडी घेतलेली चांगली" हे वाक्य तिथून आलं. पुढे लक्षात आलं की न पिणाऱ्यांच्या यादीत आजारी पडून सोडलेलेही धरले होते. साहजिकच न पिणारे जास्त आजारी दिसले. कप्पे चुकीचे पाडले की आलेख खोटं बोलतो, याचं याहून नामी उदाहरण मला माहीत नाही.

मग येतो वाटा काढायचा भाग. १९५३ मध्ये लेव्हिन यांनी दिलेलं सूत्र सोपं आहे. समजा पुरुषांत पिणारे १४ टक्के, राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्राचा आकडा साधारण तेवढाच आहे. आणि समजा एखादा आजार पिणाऱ्यांना तिप्पट होतो. तिपटीतला जादा भाग २. ०.१४ गुणिले २ म्हणजे ०.२८. त्याला १.२८ ने भागायचं. उत्तर ०.२२. म्हणजे पुरुषांतल्या त्या आजाराच्या शंभर रुग्णांतले २२ दारूच्या खात्यावर. कळव्याच्या हॉस्पिटलातला कुठलाही एक पेशंट त्या बाविसांतला आहे का, हे सूत्र कधीच सांगू शकत नाही. ते वॉर्डाचं गणित आहे, खाटेचं नाही.

यातून एक विचित्र गोष्ट बाहेर पडते. समजा २० जण प्रचंड पितात आणि वर्षात शंभरातल्या पाचांना अपघात होतो: अपघात एक. आणि ३०० जण बेताने पितात, शंभरात एकाला होतो: अपघात तीन. धोका वीसांना जास्त, पण जखमी तीनशेंतून जास्त. जेफ्री रोझ या ब्रिटिश डॉक्टरांनी याला प्रतिबंधाचा विरोधाभास म्हटलं. ३१ डिसेंबरच्या रात्री ठाण्यात नाकाबंदीत सापडणारे बहुतेक 'मी काय रोज पिणारा नाय' या जातीचे असतात ते त्यामुळेच. कायद्याची रेघ १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, आणि ती रोज पिणाऱ्यालाही तीच.

न काढलेला बाण

मॉडेलची सगळ्यात वाईट चूक आकड्यात नसते, काढायच्या राहून गेलेल्या बाणात असते.

किंमत वाढवली की खप घटतो, हे जगभर तपासलेलं आहे. स्कॉटलंडने मे २०१८ पासून दारूच्या एका युनिटला, म्हणजे अल्कोहोलच्या तिथल्या ठरलेल्या मापाला, किमान ५० पेन्स ही किंमत ठरवली, आणि २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासात थेट दारूमुळे होणारे मृत्यू १३.४ टक्क्यांनी कमी दिसले. त्याआधी, दुसऱ्या महायुद्धात पॅरिसमध्ये वाइनचं रेशनिंग झालं तेव्हा सिरोसिसचे मृत्यू काही वर्षांतच कोसळले होते. वीस वर्षांत बिघडलेलं लिव्हर, तरीही. कारण कड्याच्या टोकावर उभ्या असलेल्याला दोन पावलं मागे घेतलं तरी तो वाचतो.

पण ते मॉडेल जसंच्या तसं इथे आणलं तर एक बाण कमी पडेल, हातभट्टीकडे जाणारा. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून अधिक माणसं मेली. ती माणसं 'दारू सोडली' या कप्प्यात गेली नव्हती, ती स्वस्त दारूच्या कप्प्यात सरकली होती, आणि त्या कप्प्याचा वक्र वेगळाच होता. २०१६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको असा आदेश दिला, पुढच्या जुलैत शहरांच्या हद्दीतल्या दुकानांना त्यातून वगळलं. आदेश बरोबर की चूक, यावर लोक भांडले. कोण पिणं थांबवेल आणि कोण फक्त आणखी ५०० मीटर चालेल, हा बाण फार थोड्यांनी काढला.

सुटकेच्या बाणाबद्दल एकच आकडा पुरे. एम्सच्या त्या अहवालाप्रमाणे दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांतल्या एकाला काही ना काही उपचार मिळाल्याचं दिसतं, आणि १८० मध्ये एकाला दाखल होऊन. फळ्यावर मी ३६ टक्के सुटतात असं सहज लिहिलं होतं. उपचाराशिवाय स्वतःच्या हिमतीवर सोडणारेही असतात, म्हणून तो आकडा अगदीच हवेतला नाही. पण मैत्रिणीने तिथे बोट ठेवून नुसतं माझ्याकडे पाहिलं.

वर्ग संपला, लोक चहाला उठले. लेथवाले काका फळ्यापाशी आले.

"मी यात कुठं?"

मी सुटलेल्यांचा चौकोन दाखवला.

"अकरा वर्षं झाली. तरी हा बाण माझ्यावरूनच काढलाय ना?"

मी डस्टर उचललं. त्यांनी हात आडवा केला.

"पुसू नका. पुसलेला बाण लय वाईट. तुटक करा."

खडू त्यांच्याच हातात दिला. त्यांनी रेघेवर बोटाने मधेमधे पुसून फटी पाडल्या. गणितात ती तुटक रेघ लिहिता येते: परतीचा दर ठराविक न ठेवता सोडल्यापासूनच्या दिवसांवर ठेवायचा, म्हणजे तो दर वर्षी लहान होत जातो आणि शून्य कधीच होत नाही. घरी येऊन मी तसाच बदलला.